घुगरीमागचं दुखणं

दुखणं अंगावर काढण्यात आपल्या घरातल्या बायांचा हात कोण धरणार? दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यावरची धनीबाई उन्हाळ्यापासून खोकत होती. दिवाळी आली तरी तेच. "धूळ गेली," म्हणायची, आणि घरचेही मान डोलवायचे. थुंकीत रक्त दिसलं, तेव्हा कुठे तिचा नवरा नेमसिंग तिला दवाखान्यात घेऊन आला. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढायला सांगितला.

खोली गार आणि अंधारी होती. लोखंडी हाताला लटकलेली भली मोठी ट्यूब, आणि तिच्यासमोर उभी प्लेट. धनीबाई दारातच थांबली. त्यात एक्स-रे काढणारी उर्वशी म्हणाली, "मावशी, गळ्यातलं, केसातलं, सारं धातूचं काढा अन् हा गाऊन घाला."

केसातलं? धनीबाईचा हात कानाजवळ केसात गुंफलेल्या घुगरीवर, चांदीच्या गोळ्यांच्या त्या सौभाग्याच्या दागिन्यावर गेला. तांड्यात घुगरी उतरते ती नवरा गेल्यावरच! तिथल्याच जमनीनं काही वर्षांमागं ऑपरेशनसाठी उतरवली, आणि त्याच आठवड्यात तिच्या नवऱ्याला ट्रकनं उडवलं. तेव्हापासून जमनीला कुणी लग्नाकार्याला बोलवत नव्हतं. धनीबाईनं आडोशाला जाऊन घुगरी केसातून सोडली खरी, पण अंगावेगळी केली नाही. गाऊनच्या आत, छातीशी दोऱ्यानं बांधून टाकली.

उर्वशीनं तिची छाती प्लेटला टेकवली, नेमसिंगला घेऊन ती शिशाच्या काचेमागं गेली. "श्वास घ्या मावशी. रोखा. हलू नका!"

स्क्रीनवर फोटो उमटला. काळ्या फुप्फुसावर झगझगीत पांढरे गोळे! नेमसिंगची बोबडी वळली. "मॅडम, या गाठी हायेत का?"

"गाठी नाई काका. हवा काळी दिसते, हाड पांढरं, अन् धातू साऱ्यात पांढरा." उर्वशी धनीबाईकडे वळली. "मावशी, काय लपवलं?"

धनीबाई रडू लागली. "मी नाई काढत. मले काही झालं तं चालन, यायले काही होऊ नये!"

खरं सांगायचं तर नेमसिंगही तितकाच भ्याला होता. जमनीचा नवरा त्याचाच चुलतभाऊ. खाली मान घालून त्यानं उर्वशीला घुगरीची आणि जमनीची सारी हकिगत सांगितली. मग तो म्हणाला, "राहू द्या मॅडम. हाय त्याच फोटोवर औषध द्या."

बघा! बायको रक्त थुंकत होती, आणि याला स्वतःच्या जिवाची पडली होती!

"काका, दुखणं नेमकं या घुगरीमागंच असन तं? मले काहीच दिसून नाई राह्यलं," उर्वशी म्हणाली. "जमनीबाईच्या केसात घुगरी असती तं काय ट्रकचा ब्रेक लागला असता? मावशीनं तुमच्या जिवासाठी जन्मभर घुगरी बांधली. तिच्या जिवासाठी तुम्ही काय बांधलं?"

तेवढ्यात धनीबाईला उबळ आली, आणि तोंडावर धरलेला रुमाल लाल झाला. नेमसिंगच्या काळजाचं पाणी झालं. त्यानं हात पुढं केला. "दे इकडं. माह्यापाशी राहू दे."

घुगरी मुठीत घट्ट धरून तो काचेमागं गेला. धनीबाई पुन्हा प्लेटला टेकली. पाठीमागचं तिला काहीच दिसत नव्हतं. तो उभा आहे की कोसळला? श्वास रोखायला कुणी सांगायची गरजच उरली नव्हती! बटण दाबलं गेलं. मग मागून आवाज आला.

"धनी, मी हाय वं! काही नाई झालं!"

ती तिथंच प्लेटला धरून रडली.

घुगरी जिथं लोंबत होती, अगदी तिथंच फुप्फुसावर डाग होता. थुंकी तपासली, टीबी निघाला. औषधं सुरू झाली, खोकला हळूहळू कमी झाला. धनीबाईनं घुगरी पुन्हा बांधली, पण आता ती हौसेनं.

एक्स-रेच्याच संध्याकाळी नेमसिंग घरी जाण्याआधी जमनीच्या दारात गेला होता. "वहिनी," तो म्हणाला, "भाऊ ट्रकनं गेला. तुह्या हातानं नाई गेला. आमी साऱ्यायनं तुह्यावर लय अन्याय केला."

इतक्या वर्षांत हे तिला कुणीच म्हटलं नव्हतं. जमनी उंबऱ्यातच मटकन बसली.

मंडळी, दागिना हौसेनं घालावा, पण कुणाचा जीव त्याला टांगू नये. आणि नवरा गेला म्हणून त्याच्या बायकोला दोष देण्याचं पाप तर कुणीच करू नये!