नीलाचा सिनेमा आणि माझ्यावरचा आळ

मित्रांनो, मध्य प्रदेशातल्या देवासच्या एका टॉकीजमध्ये आयुष्य घालवलेला मी एक जुना प्रोजेक्टर आहे. माझे ऑपरेटर तात्या रोज मऊ कापडाने माझी काच पुसायचे. पडद्यावर चित्र उमटले की लोक शिट्ट्या मारायचे. ते माझे सुखाचे दिवस होते.

पण एका दुपारची आठवण आली की आजही माझा संताप होतो.

त्या काळी टीव्हीवर एक कार्टून मालिका लागायची. त्यातली कॅप्टन नीला आपले यान स्वतः दुरुस्त करून ताऱ्यांपलीकडे जायची. तिच्यावर सिनेमा निघाला आणि आमच्याकडे लागला. कारखान्यात नोकरी करणाऱ्या अशोकरावांची मुलगी किमया नीलासारखे निळे जाकीट घालून पहिल्या रांगेत बसली. आईने तिला ते खास शिवून दिले होते.

आणि पडद्यावर काय आले? नीला सुरुवातीलाच कोठडीत! यान चालवायला कोणी भलताच हिरो. नीला गजाआडून त्याच्यासाठी गाणे म्हणत होती. हिला दुरुस्तीतले काही येते, हे सिनेमावाले विसरूनच गेले होते!

"ये वो नीला नहीं है!" मुले ओरडू लागली.

गोंधळ वाढला, तेव्हा मालक प्रतापराव पडद्यापुढे आले. "अरे भिया, पिक्चर एकदम बढिया आहे. आपली मशीनच जुनी झालीये, म्हणून मजा येत नाहीये."

मी? माझा दोष? मला तोंड असते तर मी तिथेच भांडलो असतो. तात्यांनीही चिडून केबिनच्या खिडकीतून डोके बाहेर काढले. पण त्यांच्या आधी किमया उभी राहिली.

"नाही काका, मशीन सही आहे. सगळं साफ दिसलं, म्हणूनच तर कळलं. नीलाला यांनी काहीच करू दिलं नाही!"

 तरी पुढच्याच महिन्यात प्रतापरावांनी मला काढून गोदामात टाकले. ज्यांनी तो सिनेमा बनवला, त्यांना मात्र कोणी जाब विचारला नाही.

त्या दुपारी मुले घरी गेलीच नाहीत. सायकल स्टँडजवळ किमयाने त्यांना गोळा केले आणि नीला कोठडीचे कुलूप स्वतः कशी उघडते, ते हातवारे करून सांगितले. केबिनच्या मागच्या खिडकीतून मला टाळ्या ऐकू आल्या.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, सिनेमे काढाल. एवढेच मागणे आहे. मुलांची गोष्ट हाती घ्याल, तेव्हा ती आधी मुलांकडून नीट ऐकून घ्या.