मोसंबीची अर्धी बाग

*नदीकाठच्या सर्व शेतकऱ्यांना कळविण्यात येते की, वरच्या धरणातून सोडलेले पाणी शहराला पिण्यासाठी आहे.*

जीपवरच्या भोंग्यात बद्रीनाथचाच आवाज भरून ठेवलेला. खोरे प्राधिकरणाचा गस्तीवरचा माणूस तो. ऑफिस शहरात औरंगपुऱ्यात, घरही शहरातच, पुंडलिकनगरात. मागच्या वेळी काठावरच्या मोटारींनी निम्मं पाणी वाटेतच ओढलं. म्हणून यंदा पाणी पुढं सरकेपर्यंत काठच्या गावांची वीज बंद.

या गावात त्याची थोरली बहीण. आवडाबाई.

ओसरीत खाट. खाटेवर तिचा नवरा कडूबा. नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनचं मशीन. विजेवर चालणारं.

"बद्री, लाईन गेली की हे गेले," भाकरी थापत आक्का म्हणाली.

"दाजी, जीपमध्ये घालतो. दवाखान्यात जाऊ."

"नाय."

श्वास.

"बाग सोडून"

श्वास.

"नाय."

*पाणी उपसताना आढळल्यास मोटार जप्त करण्यात येईल.*

तोडगा गावानंच काढला. पुंजाराम स्वतःचा स्टार्टर खांद्यावर घेऊन आला आणि आवडाबाईच्या अंगणात ठेवला. "घ्या साहेब. बिनस्टार्टरची मोटार काय पाणी ओढती? लाईन तेवढी राहू द्या. माणूस हाय आत."

मागून बाकीचे आले. अंगणात लोखंडी डब्यांचा ढीग झाला. सगळ्यांचे आले. आक्काचा मागायचं कुणाच्या मनात आलं नाही. बद्रीनाथच्याही नाही. वायरमन निजामुद्दीनला त्यानं डीपीवर थांबवलं: लाईन तोडू नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुंजाराम बागेच्या बांधावर उभा दिसला.

"साहेब, जरा कान द्या."

मोटार चालू होती.

मोसंबीत आक्का घोट्याएवढ्या चिखलात, हातात फावडं, पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात वळवत होती. झाडांची पानं गुंडाळलेली, फळं लिंबाएवढीच राहिलेली. वरची अर्धी बाग तर पिवळी पडलेली; पाणी अजून तिथवर पोचलं नव्हतं.

"आक्का!"

"त्यांनीच सांगितलं. कालपासून एकच. बाग वाळली तर मला जगवून काय करता म्हणं."

"आणि गाव?"

"गावाला मी काय सांगू? तू बंद कर म्हण, करते."

बद्रीनाथनंच मोटार बंद केली. तोवर अंगणात माणसं जमली होती. आरडाओरडा नव्हता. एकेक जण वाकून आपला डबा ओळखत होता.

"दाजीच्या मोसंबीला पाणी अन् आमच्या कपाशीला भोंगा," कुणीतरी म्हणालं.

"पुंजाराम, थांबव त्यांना. मोटारी लागल्या तर मला लाईन तोडावीच लागंल."

"काल थांबलोच होतो की, साहेब."

पुंजारामनं स्टार्टर खांद्यावर घेतला. ओसरीवरून जाताना मशीनची वायर आडवी होती. ती त्यानं जपून ओलांडली.

नदीकडून पहिली मोटार लागल्याचा आवाज आला. मग दुसरी.

बद्रीनाथनं फोन लावला. "निजामुद्दीन. तोड."

"साहेब, दुल्हेभाई का मशीन? दाजी का?"

"हां."

"सोच लो, साहेब."

"तोड म्हणतो ना!"

*सहकार्य करावे. नदीकाठच्या सर्व*

मोटारी थांबल्या.

मशीनही. त्याची धोक्याची बारीक शिट्टी वाजू लागली. आक्का चिखलाच्या पायांनी धावत आली, बटण दाबत राहिली. बद्रीनाथनं कडूबाच्या काखेत हात घातले.

"दाजी, चला. अजून वेळ आहे."

कडूबानं खाटेची दांडी धरली. सुटेना.

"भिजली"

"काय?"

"बाग"

"भिजली, दाजी. अर्धी."

शिट्टी.

"अर्धी"

शिट्टी.

"कोणती?"

बद्रीनाथनं आक्काकडं पाहिलं.

"खालची," ती म्हणाली. "खालची भिजली. वरची ऱ्हायली."

कडूबानं दांडी सोडली. मान दुसरीकडं केली.

"वरची"

"व्हय."

"वरचीच तर"