तिसरी खुर्ची

ताईला केशकर्तनाचा परवाना मिळाला. पण असं काही अजून घडलेलंच नाही, असं समजून पुढे वाचावं.

परवाने देणारी मंडळं त्या त्या धंद्यातलीच माणसं चालवतात. ती नव्यांना उगाच अडवत नाहीत ना, हे सरकारतर्फे बघणं माझं काम. देखरेख विभागात मी एकटाच. साहेब मी, हाताखालचाही मीच.

केशकर्तन मंडळाने अकरा वर्षांत एकही परवाना दिला नव्हता. ताईचा अर्ज चारदा परत आलेला. दुकान घेऊन, आरसे लावून ती बसून होती.

"सरकार म्हणून चल," ती म्हणाली. "भाऊ म्हणून तुझा उपयोग झालेला मला आठवत नाही."

मंडळाच्या खोलीत दाढीच्या तीन खुर्च्या होत्या. दोन सदस्य रेललेले, गळ्यापासून पायांपर्यंत पांढरं कापड, चेहऱ्यावर वाफाळता टॉवेल. तिसरी खुर्ची रिकामी.

"परीक्षा सदस्यांच्याच दाढीवर होते," मंडळाचा कारकून म्हणाला. "पण कोरम तिघांचा. तिसरे अकरा वर्षांपूर्वी उठले."

"कुठे गेले?"

"गेले कुठे नाहीत. उठले."

ताईने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी कात्री घेऊन माझ्यामागे लागायची, तेव्हा असंच बघायची. मी बसलो. कारकुनाने गळ्याशी गाठ मारली, तोंडावर टॉवेल टाकला.

वस्तऱ्याची करकर सुरू झाली. मला करमेना म्हणून मी श्वास मोजले. ताईचा, माझा, कारकुनाचा. माणसं पाच होती.

"ताई, टॉवेलखाली कोण आहे गं?"

"दाढी आहे. चेहरा सापडला की सांगते."

मग ती माझ्याकडे आली, टॉवेल उचलला आणि थबकली. "तू सकाळी दाढी केली होतीस ना?"

"हो."

"मग ही अकरा वर्षांची कोणाची?"

तेवढ्यात कापडांखालून तीन हात बाहेर आले आणि तीन सह्या झाल्या. माझे दोन्ही हात मांडीवरच होते.

"अभिनंदन," कारकून ताईला म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "तुम्ही बसूनच राहा. कोरम मोडला की परवाना रद्द. तुमच्याआधी या खुर्चीत होते, त्यांच्या मुलाचं तसंच झालं."

ताई रोज दुपारी येऊन माझी दाढी करते. संध्याकाळी ती पुन्हा छातीपर्यंत येते. "परवाना गेला खड्ड्यात, ऊठ," ताई म्हणते. पण म्हणताना तिच्या अंगावर दुकानाचा एप्रन असतो आणि त्यावर गिऱ्हाइकांचे ताजे केस. मग मी म्हणतो, उद्या बघू. कालपासून ती म्हणते, तुझा श्वास ऐकू येत नाही. म्हणून हा अर्ज.

प्रति, देखरेख अधिकारी. विषय: खुर्चीतून उठण्याबाबत. महोदय, बहिणीचा परवाना कायम ठेवून अर्जदारास उठण्याची लेखी परवानगी मिळावी. अर्ज कारकुनामार्फत आपल्या टेबलावर ठेवला आहे. आपण जागेवर परतताच त्यावर सही करावी, ही नम्र विनंती.