तळहात समोर

माणसाचं यकृत उजव्या बाजूला असतं हे मला पक्कं ठाऊक होतं. घोटाळा एवढाच झाला की नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत प्लास्टिकचा पुतळा माझ्याकडे तोंड करून उभा होता, आणि मी माझ्या उजवीकडे बोट ठेवून मोकळी झाले. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "कुणाचं उजवं?" एवढंच विचारलं. मी तोऱ्यात सांगितलं की उजवं ते उजवं, त्यात कुणाचं काय. अ‍ॅनाटॉमीत नापास व्हायला तेवढं पुरलं.

मरोद्याच्या कामगार वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये ही बातमी सांगितली तेव्हा आई रडवेली झाली आणि बाबा हसले. बाबा म्हणजे देवीदास, स्टील प्लांटमधले क्रेन ऑपरेटर. मिलच्या छताखाली क्रेनच्या केबिनमध्ये बसून त्यांची उमर गेली. त्यांचं म्हणणं, हे तर पहिल्या दिवशी शिकवतात. खाली सिग्नल देणारा क्रेनकडे तोंड करून उभा असतो, त्यानं उजवा हात वर केला तर तो त्याचा उजवा. आपला समजलात तर लोखंड भलतीकडे जातं. मग त्यांनी जाहीर केलं की सप्लिमेंट्री परीक्षेची तयारी मी त्यांच्या अंगावर करायची. पुतळा घरचाच, फुकटचा.

तेव्हापासून फर्स्ट शिफ्ट करून आले की बाबा बनियनवर व्हरांड्यात उभे राहायचे आणि मी स्केचपेन घेऊन त्यांच्याभोवती फिरायची. सगळ्याची सुरुवात उभं राहण्याच्या एका ठरलेल्या पद्धतीपासून होते. माणूस ताठ, नजर समोर, हात अंगालगत सरळ सोडलेले, तळहात समोर. तो खाटेवर झोपलेला असो की पालथा पडलेला, वर्णन करताना तो असाच उभा आहे असं धरायचं. मग अंगाच्या मधल्या रेषेकडचं ते मीडियल, रेषेपासून बाहेरचं ते लॅटरल. हातापायात धडाजवळचं टोक प्रॉक्सिमल, धडापासून लांबचं डिस्टल. बाबांना हे शब्द भारी आवडले. आई भाजी चिरताना म्हणाली की विळी सरकवा, तर म्हणे, कुठं, मीडियल की लॅटरल? आईनं कपाळाला हात लावला.

एकच अडचण होती. मी "तळहात समोर" म्हटलं की त्यांचा डावा तळहात पटकन वळायचा आणि उजवा अर्ध्यावर थांबायचा, अंगठा पुढं काढून. मी दोनदा टोकलं. "झालं न, पुढचं सांग," म्हणून त्यांनी उडवून लावलं. मलाही पुढच्या शब्दांची घाई होती. वडिलांकडे बघायला सवड कुणाला असते?

मग ब्लड प्रेशरचा धडा आला. त्यात कोपराच्या पुढच्या बाजूला, वळीत, आधी दंडाच्या बायसेप्स स्नायूची कंडरा, म्हणजे त्याला हाडाशी बांधणारा पट्टा, शोधायची. कोपर वाकवून तळहात वर केला की ती दोरीसारखी ताठ लागते. तिच्या मीडियल बाजूला नाडी. बाबांच्या डाव्या हाताला कंडरा लागली, नाडीही लागली. उजव्या हाताला माझं बोट सरळ आत गेलं. दोरी नव्हतीच. आधी वाटलं मीच चुकले, तशी मला सवय होती. परत डावा बघितला, परत उजवा. मग लक्षात आलं की उजव्या दंडाचा फुगवटाही डाव्यापेक्षा वर, खांद्याकडे सरकून बसलाय. बाबांनी हात ओढून घेतला.

"लचकला होता," ते म्हणाले. "बसवला बाबुलालनं."

दारात उभ्या आईच्या चेहऱ्यावर तेव्हा एकेक गोष्ट जुळत गेलेली मला दिसली. पूजा आटोपली की ती सगळ्यांच्या हातावर पळीभर तीर्थ घालते. गेले काही दिवस बाबा पूजेआधीच ड्युटीला पळायचे, नाहीतर डावा हात पुढं करायचे. तिनं त्यावरून त्यांच्याशी अबोला धरला होता. उजवा तळहात वर वळत नाही हे त्या माणसानं बायकोचा अबोला सोसूनही सांगितलं नव्हतं.

आता सांगावं लागलं. उन्हाळा लागताना कूलर एकट्यानं उचलून स्टँडवर ठेवत होते तेव्हा कोपरात कट्‌ आवाज झाला. हात काळानिळा पडला म्हणून पूर्ण बाह्यांचे शर्ट घालू लागले. कुरुदला बाबुलाल नावाचा एक जण नस बसवून देतो, त्याच्याकडून दंड रगडून घेत होते. दवाखाना नको, कारण पुढच्या महिन्यात प्लांटचं मेडिकल होतं. हात अधू आहे असं कागदावर आलं की केबिन गेली.

"मले खाली नोको उतरवू, गुंजन," बाबा म्हणाले. "रिटायर होवाले थोडेच दिवस राहिले. थेवढे वरतंच काढू दे."

बाबांनी माझ्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. पण बोट आत गेल्याची ती जाणीव बोटावरून जाईना.

दुसऱ्या दिवशी मी गेले ती थेट मला नापास करणाऱ्या मॅडमकडे. त्या जेवणाचा डबा उघडत होत्या. रडायचं नाही असं ठरवून मी पाठ केल्यासारखं सांगितलं: उजवा हात, कोपराची पुढची बाजू, बायसेप्सच्या डिस्टल टोकाची कंडरा हाताला लागत नाही, स्नायू प्रॉक्सिमल बाजूला सरकलाय, तळहात वर वळवायला जोर नाही.

मॅडमनी डबा बंद केला. "कुणाचा उजवा?"

"त्यांचा."

त्यांनी किती दिवस झाले ते विचारलं, मालिश चालू आहे का विचारलं, आणि तिथूनच एका हाडांच्या सर्जनला फोन लावला. मग मला समजावलं. याच स्नायूची कंडरा खांद्याकडे तुटली तर पुष्कळदा तशीच सोडून देता येते. कोपराकडे तुटली तर शिवावी लागते, आणि लवकर. ती रोज थोडी वर आखडते, एकदा फार वर गेली की परत खाली आणणं अवघड. मेडिकल होईपर्यंत थांबायला तिच्याकडे वेळ नव्हता.

घरी येऊन मी हे सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मेडिकल झालं की जातो. मी समजावलं, मग भांडले. अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत, कारण राग आला की माझी मराठी पुरत नाही. त्यांनी पेपर उघडला. तेव्हा मी तो पेपर त्यांच्या हातातून काढून घेतला.

"वरून तुमी लोकांच्या डोक्यावर लोखंड फिरवता, बाबा," मी म्हटलं. "खालचा माणूस तुमच्या हाताच्या भरवशावर उभा रायते. थो हात तुटेल हाय, हे तुमाले मालूम हाय. त्याले मालूम नाई."

बाबांचा चेहरा पडला. मी बोलले ते मला बोचलं, पण मागं घेतलं नाही.

आई उठली. देवापुढची पळी आणि तांब्या घेऊन आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. "उजवा हात करा."

"सत्यभामा, आता संध्याकाळची काय पूजा..."

"उजवा."

त्यांनी हात पुढं केला. कपाळावर शिरा दिसेपर्यंत जोर लावला. तळहात अर्ध्यावर आला आणि थांबला. आईनं पळी ओतली. तीर्थ करंगळीवरून घरंगळलं आणि फरशीवर सांडलं. आमच्या घरात तीर्थ सांडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बाबा त्या ओल्या फरशीकडे बघत राहिले. मग पायात चप्पल सरकवून म्हणाले, "चाल. कुठं हाय तुहा डॉक्टर?"

ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, उशीर केलात, पण अगदी वेळ गेली नव्हती. मेडिकलला बाबा गळ्यात हात बांधूनच गेले आणि व्हायचं ते झालं. केबिन सुटली. हात बरा झाल्यावर त्यांना खाली उभं राहून क्रेनला सिग्नल द्यायच्या कामावर ठेवलं. वर त्यांच्या जागी त्यांनीच शिकवलेला एक पोरगा बसला. पहिल्या दिवशी घरी आले तेव्हा मान दुखत होती. दिवसभर वर बघायची सवय नव्हती, एवढंच आईला म्हणाले.

माझ्याशी मात्र ते बोलेनासे झाले. ताटात काय हवं तेही आईमार्फत सांगायचे. फिजिओथेरपीचे व्यायाम मी सांगायचे आणि ते भिंतीकडे बघत करायचे. मी चुकवू दिले नाहीत. एका परीनं बरंच होतं, भांडायला वेळ जात नव्हता. मी सप्लिमेंट्री पास झाले. मॅडमनी अ‍ॅनाटॉमिकल पोझिशन दाखव म्हटलं आणि मी ताठ उभी राहिले, तळहात समोर. घरी येऊन निकाल सांगितला तेव्हा बाबांनी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पूजा आटोपून पळी घेऊन आली. मी आधी घेतलं. बाबा बूट घालत होते. ते उठले, शर्टाची बाही वर केली आणि उजवा हात पुढं केला. कोपराच्या वळीत टाक्यांचा व्रण होता आणि त्याखाली ताठ झालेली दोरी मला लांबूनही दिसली. तळहात हळूहळू वळला. पूर्ण सपाट नाही झाला, करंगळीकडे जरा कलता राहिला. आईनं पळी ओतली. थोडं सांडलं. उरलेलं बाबांनी ओठांना लावलं.

तीर्थ घेतल्यावर ओला हात आपल्या डोक्यावरून फिरवायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. बाबांनी तो माझ्या डोक्यावरून फिरवला आणि ड्युटीला गेले.