बाटलीवरची तारीख

कपात चमचा फिरला, किणकिणला, आणि खोलीतली शांतता फुटली. चहा ढवळत होत्या माझ्या सासूबाई. ताई गेल्यानंतर त्या पहिल्यांदाच माझ्या माहेरी आल्या होत्या. समोर आई, माझ्या मांडीवर तान्हं, आणि थोरली लेक फरशीवर ताईच्या जुन्या चष्म्यांच्या फ्रेम मांडून बसलेली.

"हार्टचं काही सांगता येत नाही हो," सासूबाई म्हणाल्या. "आणि मी मेली तिच्या व्हिटॅमिनच्या मागे! बाळंतपणात आमच्या घरी हिच्या मदतीला आली होती ना, तेव्हा तिची बाटली पाहिली. तारीख कधीचीच उलटलेली. म्हटलं, असलं काही पोटात घालू नकोस बाई. गोळ्यांसकट दिली टाकून. नवी आणली. रोज माझ्यासमोर घ्यायची बिचारी."

आईने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या बाटलीत व्हिटॅमिन कधीच नव्हतं. ताईच्या मनाच्या आजारावरच्या गोळ्या आई पाकिटातून एकेक सोडवून त्यात भरायची, कुणी नाव वाचू नये म्हणून. संपल्या की पुन्हा तीच बाटली. बाटलीला तारीख असते, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. ताई दवाखान्यात असली की आमच्याकडे ती "गावाला गेलेली" असायची. इतकी गावं फिरलेली बाई आमच्या नात्यात दुसरी नव्हती.

गोळ्या नीट चालू असल्या की ताई म्हणजे ताई. चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. काचेवरचे डाग बघून गिऱ्हाईक ओळखायची: हा ताटावर ओणवा होऊन जेवतो, ही रडून बाहीने पुसते. सासरी माझ्या बाळाची नखं तीच कापायची, श्वास रोखून. मला धीर व्हायचा नाही. मग एक दिवस तिने कात्री खाली ठेवली. हात थरथरत होता. रात्रीची झोपही उडाली होती. विचारलं तर म्हणाली, "तुझं कार्टं रडतं, मग मी कशी झोपू?" महिनाभराने ती आईकडे परतली, आणि काही दिवसांतच तिने स्वतःला संपवलं. आईने सगळ्यांना सांगितलं, हार्ट.

"अहो आई," मी सासूबाईंना म्हणाले, "त्यात व्हिटॅमिन नव्हतं."

"दूध बघ गं, उतू जाईल," आई म्हणाली.

"गॅस बंद आहे."

"मग बाळाला आत निजव जा."

"निजलंय ते. आणखी कुठे पाठवतेस मला? गावाला?"

मग सांगितलं. सगळं. आवाज चढत गेला, बाळ दचकून रडायला लागलं, तरी मी थांबले नाही. एका हाताने त्याला थोपटत भांडत राहिले.

"कुणासाठी केलं मी?" आई रडू लागली. "तुझं लग्न जमायचं होतं. तुला त्या घरात नांदायचंय. उद्या या पोरीचं…"

"तिला मध्ये आणू नकोस! ताईला बजावून पाठवलं होतंस ना, तिकडे तोंड उघडायचं नाही म्हणून? पाळलं तिने. गोळ्या गेल्या तरी गप्प बसली. गुणाची लेक तुझी!"

"मला काय ठाऊक, तिच्याकडे गोळ्या नाहीत? मी भरून दिल्या होत्या गं. गच्च भरून दिल्या होत्या."

ती खरंच बोलत होती. तिची दया यायला हवी होती. नाही आली.

सासूबाईंनी कप खाली ठेवला. स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिल्या.

"विहीणबाई, नुसतं सांगायचं होतंत. मी काय खाल्लं असतं का तिला?" त्यांचा आवाज फाटला. "माझ्या हातून करवलंत तुम्ही हे. माझ्या हातून!"

आईने तोंड झाकून घेतलं. 

तेव्हा कुठे माझं लेकीकडे लक्ष गेलं. हातात एक फ्रेम घट्ट धरून ती आमच्याकडे बघत होती. मी बाळाला सासूबाईंकडे दिलं आणि तिच्यासमोर खाली बसले. हिच्याशी तरी आता खोटं बोलायचं नव्हतं.

"ऐकलंस ना सगळं? मावशीला मनाचा आजार होता. त्यात लाजण्यासारखं काही नसतं. आपण उगाच लपवलं. यापुढे आपल्या घरात असं काही लपवायचं नाही. कुणीच नाही."

तिने मान हलवली. मग फ्रेम हळूच खाली ठेवली.

"मावशी कचऱ्याच्या डब्यात शोधत होती," ती म्हणाली. "मी पाहिलं. सगळा कचरा बाहेर काढला होता. रडत होती. मला म्हणाली, आईला सांगू नकोस, तिला त्रास होईल. मी प्रॉमिस केलं."

मी तिचे हात हातात घेतले. तिने ते सोडवून घेतले नाहीत, पण नजर माझ्यावरच रोखलेली.

"आई, मी तुला सांगितलं असतं, तर मावशी आज असती?"