चिंचेचं पाणी

“ह्यो ह्या पाटीत न्हाई जायचा,” म्हणत सुभद्राबाईने डोळे मिटूनच दगड बाजूला सारला. अंगठा फिरला की तिला कळे.

चिंचवडच्या या दोन खोल्यांत बारा वर्षं हेच चाललं होतं. नवरा रंगराव पुण्याच्या कॉलेजात शिपाई; कच्छहून आलेले दगड तो धुवायला घरी आणी. कधीकाळी समुद्रात राहणाऱ्या अमोनाइट नावाच्या जिवांचे हे वेटोळे शंख, दगड झालेले. कुणाच्या पाठीवर धार, कुणाची बेंबी खोल, कुणाचे कंगोरे सरळ, तर कुणाचा प्रत्येक कंगोरा अर्ध्यावर दुभंगलेला. तिने लावलेल्या पाट्या कॉलेजातले सर जशाच्या तशा ठेवून घेत.

यंदा शेजारी कुसुमताई राहायला आली. नवरा पिंपरीच्या पेनिसिलीनच्या कारखान्यात, ही मॅट्रिक. दगडांच्या चिठ्ठ्या ती लिहू लागली आणि रंगराव जेवताना म्हणाला, तिचं अक्षर म्हणजे छापल्यागत. सुभद्राबाईने त्याला दुसऱ्यांदा आमटी वाढली नाही. बारा वर्षांत तिच्या अंगठ्याला कुणी कशागत म्हटलं नव्हतं.

शनिवारी सकाळी देवांची पितळी उपकरणी घासायला तिने चिंच भिजवली होती. त्याच पाण्यात तिने सगळ्यात देखणा दगड बुडवला. लखलखू दे, मग बघू कुणाला अक्षर दिसतं. पाण्यात बारीक बुडबुडे आले. मळ सुटतोय, असं वाटून तिने तो संध्याकाळपर्यंत तसाच राहू दिला.

कुसुमताई दौत-टाक घेऊन आली. दगड उचलून म्हणाली, “वहिनी, याला कंगोरेच नाहीत.”

सुभद्राबाईने अंगठा फिरवला. दगड लोण्यासारखा लागला.

कुसुमताईची नजर परातीतल्या चिंचोक्यांवर गेली. बाहेर रंगराव सायकल टेकवत होता. ती हळूच म्हणाली, “गुळगुळीतांच्या पाटीची चिठ्ठी लिहिते. कुणाला कळायचं नाही.”

हिचं अक्षर चांगलं, वर मनही चांगलं. माणसाने जळायचं तरी किती?

“खोटं नगं लिहू,” सुभद्राबाई रंगरावाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. “ह्याचे कंगोरे दुभंगल्याले व्हते. मी चिंचंत घातला. चिंचंनं खाल्ले.”

रंगराव उंबऱ्यातच थांबला. कुसुमताईने टाक बुडवला. “कुठं दुभंगत होते?”

सुभद्राबाईने डोळे मिटले. अंगठा गुळगुळीत दगडावरून चालू लागला. “बेंबीपासनं सरळ वर. हितं, अर्ध्याला, दोन. पाठीवरनं पार पल्याड.”

कुसुमताईने लिहून घेतलं. ते सुभद्राबाईला वाचता येणार नव्हतं. मग खाली कुसुमताईने एक रेघ ओढली, तिला अर्ध्यावरून दोन फाटे काढले आणि चिठ्ठी वळवून पुढे धरली.

सुभद्राबाईने ती वाचली.

“फाटा जरा वर घे,” ती म्हणाली.