कथेतल्या बापाचं वाक्य

मधुसूदन सरांच्या हातात कथा द्या, ते तिची शिवण उसवून दाखवणारच. प्रतीक कुठलं, उपरोध कुठं, एकच शब्द लेखकानं पुन्हा का आणला, हे निम्म्या दिग्रस गावानं त्यांच्याकडूनच ऐकलेलं. पण आज वाचनालयाच्या व्यासपीठावर ते चष्मा तिसऱ्यांदा पुसत होते, कारण कथा पोटच्या पोरीची होती.

गौरी नागपूरहून थेट कार्यक्रमालाच आली होती. आई गेल्यापासून तिनं घराचा उंबरा ओलांडला नव्हता. फोनवर 'गोळ्या घेतल्या का?' यापलीकडे बोलणं नाही. आजही पाचच्या गाडीनं परत जाणार, हे तिनं आल्या आल्या सांगून टाकलं. पोरीनं एकदा घरी यावं, एवढंच सरांना हवं होतं. ते तोंडानं म्हणायचं सोडून हा गृहस्थ आठवडाभर भाषण लिहीत बसला! आता काय म्हणावं अशा माणसाला?

"सर, कथा पोरीची अन् बोलाले बाप. असा योग कुठं येते!" असं म्हणत वाचनालयाचे अध्यक्ष विठ्ठलराव चहाचं पाहायला मागं गेले.

कथा साधी होती. आई आजारी आहे. तिला एकदा नवऱ्यासोबत कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जायचंय. ती मुलीला बापाकडे धाडते. मुलगी परत आली की विचारते, "काय म्हणाले?" मुलगी सांगते, "काही नाही." असं चारदा.

सरांनी सुरुवात झोकात केली. "'काही नाही' ही पुनरावृत्ती लक्षात घ्या. चिंतामणी म्हणजे चिंता हरणारा, तो इथं सुटकेचं प्रतीक. आणि बापाचं मौन हे संयमाचं प्रतीक. दुःख गिळणारा पुरुष लेखिकेनं किती ताकदीनं..."

दाखल्यासाठी बापाचं एखादं वाक्य वाचावं म्हणून त्यांनी पान उलटलं. सापडेना. आणखी एक उलटलं. दूधवाला बोलतो, डॉक्टर बोलतो, शेजारची ममता तर थांबायचं नाव घेत नाही. बापाला मात्र वाक्यच नाही. त्याचा चष्मा आहे, खोकला आहे, उत्तरपत्रिकांवर फिरणारं लाल पेन आहे. माणूस कुठंच नाही.

"लेखकानं काय गाळलं ते बघा रे, अर्थ तिथंच दडलेला असतो," असं सर वर्गात बजावायचे. जेवताना गौरीलाही हेच शिकवलेलं. पोरगी चांगलीच शिकली होती. सरांच्या दिव्याखाली मात्र अंधार!

मग ती दुपार त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. टेबलावर बोर्डाच्या पेपरांचा गठ्ठा, दारात गौरी. "बाबा, आई विचारतेय, कळंबला जाऊया का?" त्यांनी मान वर केली नव्हती. नाही म्हटलं असतं, तर निदान एक वाक्य तरी झालं असतं.

लोक वाट पाहत होते. गौरी खाली बघत ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, अगदी आईसारखं.

"मी चुकलो," सर म्हणाले. "हे मौन म्हणजे संयम नाही. चौथ्यांदा विचारल्यावर आई विचारायचंच थांबते. कथा खरी तिथंच संपते हो, आई मरते ती नंतर. लेखिकेनं बापाला एकही वाक्य दिलं नाही, कारण त्यानं ते कमावलं नव्हतं. अन् ते वाक्य काही फार मोठं नव्हतं. एवढंच होतं..." त्यांनी टेबल धरलं. "चल शोभा, साडी बदल. निघू आपण."

कथेतल्या आईचं नाव शोभा नव्हतं. सर तसेच खुर्चीत बसले आणि रडू लागले, सगळ्यांदेखत.

विठ्ठलराव चहाची किटली घेऊन आले, तर सगळे चिडीचूप. ते गौरीजवळ वाकले. "काय झालं वं पोरी? काय म्हणाले सर?"

गौरीनं डोळे पुसले.

"बोलले," ती म्हणाली. "बाबा बोलले."

पाच वाजायला आले होते. ती उठली, व्यासपीठावर गेली आणि बापाची पिशवी तिनं आपल्या खांद्याला लावली.

"घराची किल्ली आणलीय ना, बाबा?"